कुडावरची थंडी

परवा सकाळी कोर्टाच्या आवारात, पाण्याच्या टाकीखालच्या ओल्या फरशीवर धोबी पक्षी दिसला आणि माझं डोकं फिरलं. एवढंसं पाखरू. राखी-पांढरं, सारखी शेपटी वरखाली करणारं. लोकांना त्याचं कौतुक वाटतं. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीनं तर लगेच मोबाईल काढून त्याचा फोटो घेतला आणि ‘आली बाई थंडी’ म्हणून हात चोळले. मला मात्र त्याला विचारावंसं वाटलं की बाबा रे, तू लवकर आलायस की वेळेवर, ते एकदाचं सांगून टाक. म्हणजे मला पुढच्या तीन महिन्यांची भांडणं आखून ठेवता येतील.

मी विंझरच्या पुढची. वेल्ह्याचा डांबरी रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला चढलं की दहा-बारा घरांची आमची वाडी लागते. भात कापायच्या दिवसांत तिथं कुणाला नुसतं ‘बरंय ना?’ म्हणा, बोलणं फिरून थंडीवर येतं. आणि यंदा थंडी कशी पडणार हे सांगायला जो तो तयार. मोहोळ करवंदीच्या जाळीत खाली बसलं तर थंडी मोठी. मुंग्यांनी भोकांच्या तोंडाशी मातीचा कठडा उंच केला तर मोठी. म्हशीच्या मानेवर केस दाट आले तर मोठी. धोबी दसऱ्याआधी आला तर मोठी, दसऱ्यानंतर आला तर हलकी, आणि नेमका दसऱ्यालाच आला तर वाडीत दोन तट पडतात आणि दिवाळीपर्यंत टिकतात.

बरं, या खुणा एकमेकींशी जुळतील तर शपथ. मोहोळ म्हणतं मोठी, म्हैस म्हणते हलकी. त्यात माझं सासर भोंगवलीचं. तिकडं पाऊस बेताचा, डोंगर लांब, रान मोकळं. तिथं मोहोळाला कुणी विचारत नाही. माझ्या सासूबाई कांद्याचा पापुद्रा बोटांत धरून उजेडात बघतात. जाड असेल तर लगेच वाकळा उन्हात पडतात. आमचे हे मोबाईलवर बघतात. त्यात तर थंडी तासाला बदलते. मी एकटीच अशी, की जिला काहीच कळत नाही आणि जिला सगळ्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

आणि या सगळ्यांच्या वरचढ माझे वडील, आप्पा.

वाडीत थंडीच्या बाबतीत आप्पांचा शब्द शेवटचा. अश्विन लागला की ते रोज सकाळी ओढ्यावर जायचे. लहानपणी मी पाठोपाठ असायची. पाणी उतरलेलं, दगडांवरचं शेवाळ वाळायला लागलेलं, काठाला तेरड्याची शेवटची फुलं आणि चिखलाचा तो गार, लोखंडासारखा वास. आप्पा खेकड्यांच्या बिळांपाशी उकिडवे बसायचे. पावसाळा सरला की खेकडा बिळाचं तोंड चिखलाच्या गोळ्यानं बुजवून आत बसतो. किती बिळं बुजली, केव्हा बुजली, गोळा किती जाड, हे ते बोटानं चाचपून बघायचे. मग घरी येऊन म्हशीच्या मानेवरून उलटा हात फिरवायचे. मग करवंदीच्या जाळीत वाकून मोहोळ. तीन ठिकाणी हजेरी लावल्यावर ते पारावर येऊन बसायचे आणि लोक विचारायचे, “आप्पा, औंदा कशी?”

“हलकी हाय,” आप्पा म्हणायचे.

दर वर्षी हेच. बोटं गोठायची थंडी पडलेल्या वर्षीही त्यांनी आधी ‘हलकी हाय’ असंच सांगितलेलं असायचं, आणि तरी पुढच्या वर्षी लोक परत त्यांनाच विचारायचे. मला वाटायचं, काय ही माणसं. ज्याचं एकही भाकीत खरं होत नाही त्याला विचारायला रांग लावतात. आप्पांची मला लाज वाटायची, हे कबूल करते. पुढं मी शिकले, भोरच्या कोर्टात टायपिस्ट म्हणून लागले, तिथंच संसार मांडला. माझं काम म्हणजे माणूस तोंडानं बोलेल ते बोटांनी उतरवायचं. साक्षीदार थरथरतोय, खाली बघतोय, घाम पुसतोय, हे मी टाइप करत नाही. तो काय म्हणाला तेवढंच. वीस-बावीस वर्षं हे केलं की माणसाला बोललेलं तेवढंच ऐकू यायला लागतं.

आई गेल्यावर आप्पा वाडीत एकटे राहिले. शेजारी माझा चुलतभाऊ बबनदादा आणि सरूवहिनी, त्यामुळं जेवणाखाण्याची काळजी नव्हती. काळजी होती ती छातीची. आप्पांना दमा आहे. उन्हाळ्यात तो असतो की नाही तेही कळत नाही, पण थंडी पडली की सकाळी त्यांचं बोलणं दोन-दोन शब्दांवर येतं. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं, थंडीत यांना डोंगरात ठेवू नका. आता हे आप्पांना कोण सांगणार? मी सांगितलं. म्हणजे मी भांडले.

एका थंडीला त्यांना ओढून भोरला आणलंही. ती थंडी आठवली तर अजून माझं मलाच कसंतरी होतं. दोन खोल्या, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आप्पा सकाळी उठून भिंत बघत बसायचे. दूध पिशवीतलं म्हणून चहा अर्धा ठेवायचे. दिवसभर विचारायचे, “चांदीला कोन पाजतंय पानी?” चांदी म्हणजे म्हैस, कपाळावर चंद्रासारखा ठिपका असलेली. बबनदादा पाजतो हे मी दिवसातून सात वेळा सांगायची. आठव्या वेळेला एकदा मी फाडकन बोलले, “आप्पा, म्हशीचीच एवढी काळजी असंल तर जावा की मग तिच्यापाशी.” दुसऱ्या दिवशी मी कोर्टातून आले तर पिशवी नाही, चपला नाहीत. एसटीनं एकटेच गेले होते. कापूरहोळला उतरून वेल्ह्याची गाडी धरायला त्या वयात किती वेळ उभे राहिले असतील, देव जाणे. त्याचाही मला राग आला होता, वाईट वाटण्याच्या आधी.

म्हणून पुढच्या अश्विनात मी हुशारी केली. वाडीत गेले, पारावर त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “भांडन नको आप्पा. तुमच्या खुनाच काय ते ठरवू द्या. थंडी कडक असंल तर गुमान माझ्यासंगं चलायचं. हलकी असंल तर ऱ्हावा हितंच, मी हूं की चूं करनार न्हाई. कबूल?”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग ओढ्याकडं बघितलं. “कबूल,” म्हणाले. आणि थोड्या वेळानं, “हलकी हाय औंदा.”

मी त्यावर विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर, ठेवायला मला सोयीचं होतं. मुलीचं बारावीचं वर्ष होतं, घरात दोनच खोल्या होत्या, आणि मागच्या थंडीचा शीण माझ्या अंगातून गेला नव्हता. ज्यांच्या भाकिताची मी आयुष्यभर थट्टा केली त्याच भाकितावर मी त्या दिवशी निश्चिंत झाले आणि एसटीत बसून भोरला आले. बसमध्ये मला झोपसुद्धा लागली.

ती थंडी. अजून तिचं नाव काढलं की माझ्या बोटांची पेरं दुखतात. दिवाळीनंतर आठवड्याभरात आली ती पौष संपेपर्यंत हलली नाही. भोरमध्ये सकाळी नळाला हात लावला की झटका बसायचा. खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली तरी दुपारपर्यंत घट्ट. कोर्टात साक्षीदार बोलायला उभे राहिले की तोंडातून वाफ निघायची आणि माझी बोटं की-बोर्डवर दुसऱ्याची असल्यासारखी पडायची. सासूबाई फोनवर सांगायच्या, भोंगवलीला थंडीनं हरभरा नुसता फोफावलाय, घाट्यांनी वाकलाय. त्यांना आनंद आणि मला रोज सकाळी आप्पांची आठवण. मी फोन करायची. आप्पा म्हणायचे, “बरा हाय... म्या. थंडी... न्हाईच हितं.” दोन शब्द, श्वास, दोन शब्द. मी ते शब्द ऐकले. मधला श्वास मी ऐकला नाही.

पौषात एका सकाळी, डबा भरत असताना बबनदादाचा फोन आला. “सुमे, आप्पास्नी धाप लागलीया. टेम्पोत घालून वेल्ह्याला दवाखान्यात आनलंय. तू ये.”

हे आणि मी मोटारसायकलवर निघालो. कापूरहोळपर्यंत धुक्यात समोरचा टेम्पो दिसत नव्हता. ढाब्यांपुढं टायर जाळून माणसं शेकत उभी होती. विंझरच्या अलीकडं ओढ्याकाठचं गवत दव गोठून पांढरं झालेलं बघितलं. मी ते आधी कधी बघितलं नव्हतं. दवाखान्यात आप्पा खाटेवर बसलेले, तोंडाला मास्क, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले. गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जात होता. मला बघून त्यांनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, “चांदी व्याली. रेडी हाय.”

मी बाहेर आले आणि बबनदादावर ओरडले. ज्याचा काही संबंध नव्हता त्याच्यावरच ओरडायची माझी पद्धत आहे. म्हटलं, “तुमी सगळे हितं हुता. येवढी थंडी पडनार कळलं न्हाई व्हय कुनाला? आप्पा तर हलकी हाय म्हनले हुते.”

बबनदादा माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, “अगं, आप्पा तोंडानं काय म्हनत्यात त्ये कोन ऐकतंय? आमी गोठ्याचा कूड बघतो. औंदा त्येंनी वळचनीपत्तोर लिपलाय, दसऱ्याच्या आदी. आमी समदी तवाच सावध झालो. तुला ठावं न्हाई?”

मला ठाऊक नव्हतं. मी त्या घरात एकोणीस वर्षं काढली होती.

आप्पांचे कपडे आणायला मी वाडीत गेले आणि पहिल्यांदा गोठा नीट बघितला. आमच्याकडं गोठ्याला कारवीच्या काटक्यांचा कूड असतो, शेणामातीनं लिपलेला. एरवी आप्पा तो पश्चिमेच्या बाजूनं कमरेपर्यंतच लिपायचे. वर काटक्या उघड्या, वारा यायला. लहानपणी त्या काटक्यांतून मी बाहेरचा पाऊस बघायची. पण काही वर्षी तिथून काही दिसायचं नाही, हेही मला आठवलं. अशाच एका वर्षी मी आईला विचारलं होतं, खिडकी का बुजवली, आणि आई म्हणाली होती, गप, बोलू नको. वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, ही आमच्या घरची जुनी भीती. म्हणून वंगाळ तोंडातून काढायचं नाही. तोंडानं हलकी म्हणायचं आणि हातानं कडक थंडीची तयारी करायची. पारावर विचारणारी माणसं उत्तर ऐकत नव्हती. उत्तर त्यांनी आधीच आमच्या गोठ्यावरून जाताना वाचलेलं असायचं. विचारायचं ते आप्पांचा मान म्हणून.

आणि मी, जिला वाटायचं की आपण तेवढ्या शहाण्या, ती बापाचा जबाब टाइप करून घेऊन भोरला आले होते.

गोठ्यात ऊब होती. वळचणीपर्यंत लिपण, त्याला आतून पेंढ्याच्या पेंड्या टेकवलेल्या, दाराला दुहेरी पोतं. चांदी रवंथ करत होती आणि तिच्या पुढ्यात रेडकू झोपलं होतं. रेडकाच्या अंगावर आप्पांची घोंगडी होती. मग मी घरात गेले. त्यांच्या खाटेजवळच्या खिडकीची एक फळी निघालेली होती आणि तिथं जुना शर्ट कोंबला होता. तो शर्ट बघून मला इतका संताप आला की मी तो ओढून अंगणात फेकला. मग परत जाऊन उचलला, झटकला, आणि तिथंच कोंबला. कारण वारा येत होता.

सगळं माहीत असून हा माणूस हलकी म्हणाला. चांदी पौषात व्यायची होती म्हणून. आणि मागच्या वर्षी मी ‘जावा की तिच्यापाशी’ म्हणाले होते म्हणून. मी त्यांना नंतर हे कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडानं काहीतरी भलतंच म्हणाले असते.

त्या थंडीतून आप्पा उठले, पण पूर्वीचे झाले नाहीत. ओढ्यापर्यंत जायला त्यांना दोनदा बसावं लागतं. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, तेव्हापासून माझा अश्विन महिना कायमचा नासला. लोक दसऱ्याला सोनं वाटतात, मी गोठा बघायला जाते. पहिल्या वर्षी काहीतरी निमित्त काढून गेले, कूड कमरेपर्यंत होता, समाधानानं परत आले. आठ दिवसांनी कळलं की माझी एसटी वळणाआड जाताच आप्पांनी शेण कालवायला घेतलं होतं. पुढच्या वर्षी मी सरूवहिनीला सांगितलं, गुपचूप फोटो पाठवत जा. तिनं पाठवला. कमरेपर्यंत. नंतर वहिनीनंच फोनवर कबूल केलं, “वन्सं, आप्पांनीच हुबं ऱ्हाऊन काढाया लावला फोटू. म्हनले, त्यो लांबचा कूड दिसू दे, पूर्वेकडचा.” म्हणजे सत्तरी ओलांडलेला माणूस पुरावा बनवायला शिकला होता. दोन्ही वर्षी थंडी तेवढी पडली नाही हे आमचं नशीब. दोन्ही वर्षी मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

यंदा धोबी दिसला त्याच दिवशी दुपारी आप्पांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत. म्हणाले, “सुमे, औंदा थंडी लई हाय.”

मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चुकलं. मी म्हटलं, “काय म्हनला?”

“थंडी लई हाय म्हनलो औंदा. कडक.”

उभ्या जन्मात आप्पांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. मी हातातलं काम टाकलं, दुसऱ्या दिवशी रजा घेतली, ओळखीच्याची गाडी मागितली आणि यांना घेऊन वाडीत पोचले. सबंध वाटेत माझ्या डोळ्यांपुढं त्या वर्षीचं पांढरं गवत.

वाडीत ऊन मी म्हणत होतं. भात अजून खाचरात उभं, पिवळं. आप्पा पारावर नव्हते, घरात होते. मी आधी गोठ्यावर गेले, पश्चिमेच्या बाजूनं, स्वतःच्या डोळ्यांनी. कूड कमरेपर्यंत लिपलेला. ताजा, बोटं उठलेली. वर काटक्या उघड्या. हल्ली चांदी बबनदादाच बघतो, पण लिपण आप्पांच्याच हातचं होतं, ती बोटं मी ओळखते. चांदीच्या मानेवरून मी उलटा हात फिरवून बघितला. केस विरळ. ओढ्यावर गेले. एकही बीळ धड बुजलेलं नव्हतं, एक खेकडा तर बाहेर बसून माझ्याकडं बघत होता. करवंदीच्या जाळीत मोहोळ नव्हतंच. ते वर सावरीच्या फांदीला होतं.

यंदा थंडी हलकी आहे. वाडीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. बबनदादा कुंपणाशी उभा होता, तो मला म्हणाला, “गेल्या आठ दिसांत आप्पा दोनदा पडल्यात न्हाणीत. तुला सांगू नको म्हनले.”

मी घरात गेले. आप्पा खाटेवर बसले होते, कोट घालून, कानाला मफलर गुंडाळून. पायाशी पिशवी भरून ठेवलेली. कपाळावर घाम. मी आल्याचं बघून त्यांनी मफलर आणखी घट्ट केला. माझ्या मनात किती काय होतं. इतकी वर्षं ऐकलं असतं तर. सरळ तोंडानं ‘मला ने’ म्हणायला काय होतं. पण मी एवढंच म्हटलं, “कूड बघून आले आप्पा.”

त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी जवळ ओढली. मग म्हणाले, “मंग?”

“मंग काय. लई कडक दिसतीया औंदा. चला.”

गाडीत ते मागं माझ्या शेजारी बसले. विंझर मागं पडलं, नसरापूर गेलं, हायवे लागला. कापूरहोळला आम्ही चहाला थांबलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता आणि रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. आप्पांच्या मफलरातून घाम गळत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, “आप्पा, जन्मभर वंगाळ बोलू दिलं न्हाई तुमी. आता वास्तू तथास्तु म्हनली म्हंजी?”

त्यांनी श्वास घेतला. “वास्तू तिकडं... ऱ्हायली, मागं,” म्हणाले. “हितं कोन ऐकतंय?” आणि मग कोटाची कॉलर वर करत, “काच घे वर. गार लागतंय.”

भोरचा फाटा आला, गाडी वळली. मी माझ्या बाजूची काच वर केली. यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि त्यांची काच वर केली. बंद गाडीत आम्ही तिघं घामानं निथळत होतो. मी पिशवीतून माझी शाल काढली आणि अंगावर घेतली.

“व्हय आप्पा,” मी म्हटलं, “लई गार हाय.”